ताईच्या मळ्यातली द्राक्षं आणि विलायतेची बाटली

मी वाइनवर लेख लिहिते आहे हे कळलं तेव्हा आमच्या सासूबाईंनी हातातली गोधडी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "माय व माय! आते तू दारूवर लिखशी का?" मैत्रिणींनो, तुमच्यापैकी काहीजणीही पान उलटण्याच्या बेतात असतील. थांबा थोडं. वाइन कशी प्यावी हे सांगायला मी बसलेली नाही. मला स्वतःला तिची चवही माहीत नाही. हा लेख आहे माझ्या थोरल्या बहिणीच्या एका सहीबद्दल. आणि सही करायची की नाही हा प्रश्न आपल्यापैकी कुणावर कधी येईल ते सांगता येत नाही.

ताई दिली आहे निफाड तालुक्यात. आमचं माहेर चाळीसगाव. मी इकडे भडगावला. काजगावहून गाडीत बसलं की चाळीसगाव, मनमाड ओलांडून त्याच रुळावर निफाड येतं, पण दोघींच्या भेटी होतात त्या दिवाळीला आणि लग्नकार्याला. गेल्या भाऊबीजेला ताई आली ती पिशवीत फराळाच्या डब्याखाली कागदांचं एक बाड घालून. रात्री मुलं झोपल्यावर तिनं ते माझ्यासमोर ठेवलं. "तू बी.ए. झालीस, शाळेत शिकवतेस. तूच वाच आणि मला सांग, सही करू का नको."

कागद माझ्या भाच्याचे होते. पोरगा बी.एस्सी. ॲग्री झाला आहे. इंग्लंडात स्थायिक झालेल्या आमच्या एका लांबच्या नातलगाच्या ओळखीचा तिथे एक दुकानदार आहे. त्यानं म्हणे सांगितलं, की तुमच्या नाशिकची वाइन मी दुकानात ठेवीन, नमुना पाठवा. एवढ्यावर भाच्यानं स्वतःचा छोटा वाइनचा कारखाना, चार एकर वाइनची द्राक्षं, बँकेचं कर्ज, सगळं कागदावर उभं केलं. त्यातला एक एकर ताईच्या नावावर आहे. ताईचे सासरे शेतकरी संघटनेतले. लक्ष्मीमुक्तीच्या वेळी त्यांनी तो सासूच्या नावावर केला होता, आणि सासूनं जाण्यापूर्वी सुनेच्या. म्हणून कर्जाला ताईची सही हवी.

"दाजी काय म्हणतात?" मी विचारलं.

"ते काय म्हणणार? त्यांची जीभ २०१० सालीच गेली."

हे २०१० साल काय होतं ते आधी सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

निफाड म्हणजे खाण्याच्या द्राक्षांचा मुलूख. थॉमसन, सोनाका, शरद ही नावं आपण फळवाल्याकडे ऐकतो. ही द्राक्षं पिकवणं म्हणजे लेकरू वाढवणं आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरात पुन्हा छाटणी, मग घड निघाले की थिनिंग, म्हणजे घडातले जादा मणी कात्रीनं काढून विरळणी. मणी फुगावा म्हणून घड औषधात बुडवायचे, त्याला डिपिंग म्हणतात. ही सगळी कामं बायका करतात. पेठ, सुरगाण्याकडून आदिवासी बायका टोळीनं येतात, दिवसभर मान वर करून मांडवाखाली उभ्या असतात. मान वर करून उभं राहणं काय असतं ते घराची जळमटं काढताना आपल्याला कळतं. त्यांचे असे महिने जातात.

वाइनच्या द्राक्षाला हा जाच कमी. त्याचे मणी बारीक, साल जाड, आत बिया. मणी फुगवायचा नसतो, उलट बारीकच हवा, कारण रंग आणि वास सालीत असतो. डिपिंग नाही, विरळणी फारशी नाही. शिराझ, कॅबरने, शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ अशी त्यांची नावं. त्यामुळे २००१ साली महाराष्ट्र सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क काढले, उत्पादन शुल्क माफ केलं, तेव्हा पुष्कळ शेतकऱ्यांना वाटलं, चला, कमी कष्टाचं आणि बांधलेल्या भावाचं पीक आलं. दाजींनी २००६ साली दोन एकर लावली. एका कारखान्याशी करार झाला. कारखाना लहानसाच होता, तालुक्याबाहेर कुणाला नावही माहीत नसेल, आणि मी ते लिहिणारही नाही.

२००९ च्या हंगामात द्राक्षं गेली, पैसे आले नाहीत. मे महिन्यात माझं लग्न झालं. ताईच्या हातात पाटल्या दिसेनात म्हणून आईनं विचारलं, तर "पॉलिशला दिल्यात" म्हणाली. लग्नाच्या फोटोत तिनं दोन्ही हात पदराखाली धरले आहेत. २०१० ला कारखान्यानं द्राक्षं घ्यायलाच नकार दिला. आता इथं वाइनच्या द्राक्षाचा वाईट गुण कळतो. थॉमसन विकली गेली नाही तर बाजारात नेता येते, अगदीच झालं तर बेदाणा करता येतो. ही बियांची, जाड सालीची द्राक्षं खायला कोण घेणार? बेदाण्यालाही चालत नाहीत. घेणारा एकच, आणि त्यानं दार लावलं की मळ्यात घड सडतात. दाजींनी बाग उपटली आणि पुन्हा थॉमसन लावली. दोन जोड पाटल्यांपैकी एक जोड सोडवून आणली, दुसरी गेली ती गेलीच.

तेव्हा असं झालं ते एकट्या दाजींचं नव्हतं. भराभर कारखाने निघाले होते, बागा वाढल्या होत्या, वाइन मात्र तेवढी खपत नव्हती. त्यात २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर हल्ला झाला, परदेशी पाहुणे येईनासे झाले, मोठी हॉटेलं ओस पडली, आणि जगभर मंदीही आली. आपल्याकडची वाइन जास्त करून हॉटेलांतच जात होती. टाक्या भरलेल्या राहिल्या. कारखानदाराला नवी द्राक्षं ठेवायला जागा नाही आणि द्यायला पैसा नाही, मग झळ कुणाला लागणार? ज्याचा माल नाशवंत त्याला.

हे सगळं ठाऊक असूनही पोरगा पुन्हा तेच म्हणतो आहे म्हणून ताईच्या पोटात गोळा आला होता. तरी "नाही" म्हणायलाही तिचं मन घेत नव्हतं. पोरगा शिकला आहे, गावात राहायचं म्हणतो आहे, ही गोष्ट हल्ली लहान नाही. मी दोन महिने मिळेल ते वाचलं, माहितगारांना विचारलं. शाळेतल्या मोकळ्या तासाला वहीत टिपणं काढू लागले, तशी मुख्याध्यापक सर म्हणाले, "बाई, वाइनचा धडा अभ्यासक्रमात कधी आला?"

आपली बाटली परदेशात गेली होती

पहिली गोष्ट अशी, की भाच्याचं स्वप्न अगदीच हवेतलं नाही. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगाव आहे ना, तिथे शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात फेसाळत्या वाइनचा कारखाना काढला. फ्रान्समधल्या एका जुन्या शॅम्पेन घराण्याच्या तंत्रज्ञांची मदत घेतली. जुन्नर तालुक्यातली ती बाटली 'ओमर खय्याम' या नावानं युरोपात विकली गेली. इंग्लंडमधल्या भारतीय हॉटेलांत लोक कोंबडीच्या रश्श्याबरोबर ती मागवत. आपल्याकडे बायकांना साधं सोड्याचं पाणी पिताना संकोच वाटायचा त्या काळातली ही गोष्ट!

तिला शॅम्पेन मात्र म्हणता येत नाही बरं का. शॅम्पेन हे फ्रान्समधल्या एका प्रांताचं नाव आहे आणि त्या प्रांतात झालेल्या वाइनलाच ते लावता येतं. ऐकायला विचित्र वाटतं, पण आपल्या जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्यालाही असंच भौगोलिक मानांकन आहे. दुसरीकडची वांगी 'जळगावची' म्हणून विकली तर आपल्याला चालेल का? नाशिक व्हॅली वाइनलाही आता असं मानांकन आहे.

नारायणगावच्या कंपनीची पुढची कथा दुःखाची आहे. तिनं परदेशातले धंदे विकत घेतले, कर्ज वाढलं आणि मंदीच्या त्या दिवसांत ती कोसळली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. चव चांगली होती म्हणून हिशेब चांगला ठरतो असं नाही.

दुसरी गोष्ट सुखाची. अमेरिकेत शिकून नोकरी केलेले राजीव सामंत परत आले आणि नाशिकला गंगापूर धरणाकडच्या घरच्या जमिनीवर त्यांनी वाइनची द्राक्षं लावली. कॅलिफोर्नियातले एक वाइनतज्ज्ञ मदतीला घेतले आणि २००० साली पहिल्या बाटल्या बाहेर काढल्या. कारखान्याचं नाव 'सुला'. मला आधी वाटलं काहीतरी इंग्रजी असेल. तर ते त्यांच्या आईचं नाव, सुलभा, त्यावरून! आज ती देशातली सर्वांत मोठी वाइन कंपनी आहे, डिसेंबर २०२२ मध्ये तिचे शेअर बाजारात आले, आणि तिच्या बाटल्या कितीतरी देशांत जातात. इंग्लंडच्या मार्क्स अँड स्पेन्सर या दुकानांत 'ज्युवेल ऑफ नासिक' नावानं जी वाइन विकली गेली ती यांचीच. त्याआधी २०११ साली वेट्रोज या तिथल्या साखळी दुकानांनी दोन भारतीय वाइन फळीवर ठेवल्या होत्या, त्यातली 'ऋतू' आपल्या पुणे जिल्ह्यातली. म्हणजे तिथल्या गृहिणीनं दूध, पाव, भाजीबरोबर टोपलीत आपल्या महाराष्ट्राची बाटली टाकली. तिथे वाइन अशी किराणा दुकानातच मिळते.

पण मैत्रिणींनो, यातले सगळे मोठे. भाचा लहान. मोठ्याची गाडी ज्या वाटेनं जाते तिथून लहानाची सायकल जाईलच असं नाही, म्हणून मी हिशेबाला बसले.

एक कंटेनर म्हणजे किती?

आपल्याला किलो आणि शेर कळतात, तर तसंच मांडते. एक किलो द्राक्षांपासून साधारण ६०० ते ७०० मिलिलिटर वाइन होते. बाटली ७५० मिलिलिटरची, म्हणजे बाटलीला किलोपेक्षा थोडी जास्तच द्राक्षं लागतात. चांगल्या वाइनसाठी एकरी चार-पाच टनांहून जास्त पीक घेऊ नये म्हणतात. वेलीवर घड जास्त झाले की रस पाणचट होतो. पाच टन धरले तर दोन एकरांचे दहा टन, त्यांची साडेसहा हजार लिटर वाइन, सुमारे साडेआठ हजार बाटल्या. बारा बाटल्यांची एक पेटी, म्हणजे सातशेवर पेट्या. आणि वीस फुटी एका कंटेनरात आठशे ते हजार पेट्या मावतात! दोन एकरांचं वर्षाचं सगळं पीक घातलं तरी एक कंटेनर भरत नाही. अर्धा कंटेनर पाठवला तरी भाडं मात्र डोळ्यांत पाणी आणतं. दुसऱ्याच्या मालाबरोबर आपला माल घालून पाठवता येतो, पण मग वाट पाहावी लागते आणि माल बंदरात पडून राहतो.

पडून राहणं वाइनला मानवत नाही. न्हावाशेवा बंदरातून इंग्लंडला बोट पोहोचायला तीन-चार आठवडे लागतात, कधी त्याहून अधिक. लोखंडी कंटेनर उन्हात तापला की आतली वाइन अक्षरशः शिजते आणि बूच वर सरकतं. आपण उन्हाळ्यात लोणच्याची बरणी गच्चीत विसरलो तर जे होईल ते. म्हणून गार ठेवणारा कंटेनर घ्यायचा, त्याचं भाडं आणखी.

वाइन करणं हे एका अर्थानं इडलीचं पीठ आंबवण्यासारखंच आहे. रसातली साखर यीस्ट खातं आणि तिचा अल्कोहोल होतो. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखरेचा एक टक्का अल्कोहोल. शेतकरी मळ्यात ब्रिक्स मोजतात ते याचसाठी. खायची द्राक्षं अठराच्या आसपास काढली तर वाइनची बावीस-चोवीसला. युरोपात द्राक्षं उन्हाळा संपताना, सप्टेंबराच्या सुमारास काढतात, आपल्याकडे जानेवारी ते मार्चमध्ये. निफाडची थंडी तर तुम्ही वर्तमानपत्रात वाचता, राज्यात सगळ्यांत कमी तपमान बहुतेक वेळा तिथलंच. त्या गार रात्रींमुळे द्राक्षात आंबटपणा टिकतो, आणि आंबटपणा नसला तर वाइन म्हणजे नुसतं मचूळ सरबत. आपल्या गिरणाकाठी वाइन का होऊ नये असं मला आमच्या शेजारच्या वहिनींनी विचारलं. वहिनी, आपल्याकडे उन्हात पापड तासाभरात वाळतो, त्या उन्हात वाइन व्हायची कशी? आपली केळीच बरी. २०२१ साली रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीची मानांकनवाली केळी दुबईला गेली तेव्हा आपण सगळ्यांनीच आनंद मानला होता.

इडलीचं पीठ जास्त आंबलं तर आपण उत्तप्पे करतो. वाइन बिघडली तर तिचं व्हिनेगर होतं. फ्रेंच भाषेत त्या शब्दाचा अर्थच मुळी आंबट वाइन असा आहे. ते होऊ नये म्हणून स्टीलच्या टाक्या, त्या गार ठेवायची यंत्रं, आणि गंधकाचं नेमकं प्रमाण. आणि निफाड तालुक्यात वीज किती तास असते ते ताईला विचारा.

मग कागद. निर्यातीचा परवाना क्रमांक, अपेडाची नोंदणी, उत्पादन शुल्क खात्याची परवानगी. युरोपीय संघात वाइन न्यायची तर 'व्ही. आय. वन' नावाचं प्रमाणपत्र लागतं, त्यात प्रयोगशाळेनं तपासलेला अल्कोहोल, आम्ल, गंधक सगळं लिहायचं. ८ डिसेंबर २०२३ पासून तिथे वाइनमध्ये काय काय घातलं आणि किती उष्मांक आहेत तेही सांगावं लागतं. इंग्लंड आता संघाच्या बाहेर, तिथले नियम वेगळे, आणि तिथे १ ऑगस्ट २०२३ पासून जितका अल्कोहोल अधिक तितका कर अधिक अशी पद्धत आली आहे. त्या करावर पुन्हा २० टक्के व्हॅट. म्हणजे आपली बाटली दुकानात पोहोचते तेव्हा तिच्या किमतीत कर, आयात करणाऱ्याचा वाटा, दुकानदाराचा नफा, बोटीचं भाडं, काच, बूच, लेबल असे सगळे पाहुणे जेवून गेलेले असतात. द्राक्ष पिकवणारा पंगतीत शेवटी बसतो.

फवारणीचं काय हा प्रश्न मी मुद्दाम भाच्याला विचारला. कारण २०१० सालीच, वाइनच्या नव्हे तर खाण्याच्या द्राक्षांचे कितीतरी कंटेनर युरोपात अडकले होते. वेलीची वाढ रोखायला वापरतात त्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश त्यांत सापडला. द्राक्षं सुंदर होती, आपले शेतकरी वर्षानुवर्षं ते औषध वापरत होते, पण तिकडच्या यादीत त्याची मर्यादा फार कमी होती आणि इथे कुणी वेळेवर सांगितलं नाही. कोट्यवधींचं नुकसान झालं. त्या वर्षी दाजींना दोन्हीकडून फटका बसला. आता पुण्याजवळ मांजरीला जे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे तिथून अंश तपासणीची व्यवस्था चांगली बसली आहे. भाच्याला ही यादी तोंडपाठ आहे, एवढं मात्र मी कौतुकानं सांगेन.

सासूबाईंचा प्रश्न

हिशेब झाला, पण सासूबाईंचा प्रश्न राहिलाच. तो मी टाळणार नाही.

माझ्या वर्गात एक मुलगी आहे. वडील पितात. परीक्षेच्या फीचे पैसे आईनं कणगीत लपवले होते ते त्यांनी शोधून काढले. अशा घरांतल्या बायकांनीच आपल्या राज्यात गावोगाव मतदान करून दुकानं बंद करवली. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चित्रं असतात हे तुम्हाला ठाऊकच आहे. जानेवारी २०२२ मध्ये राज्य सरकारनं मोठ्या किराणा दुकानांत वाइन ठेवायला परवानगी द्यायचं ठरवलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि तो निर्णय अमलात आला नाही. तेव्हा काही पुढारी म्हणत होते, वाइन म्हणजे दारू नव्हेच. हे मला पटत नाही. वाइनमध्ये बारा-तेरा टक्के अल्कोहोल असतो, बिअरच्या दुपटीहून जास्त. द्राक्षांचा रस आहे म्हणून ती सरबत होत नाही.

मग मी बहिणीला सही कर म्हणू कशी? भाचा म्हणतो, "मावशी, आपली बाटली इंग्लंडात जाणार, इथल्या कुणाच्या घरात नाही." हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही, तिथेही कुणाची तरी मुलं आहेतच की. पण हेही खरं, की ऊस पिकवणाऱ्याला आपण कधी विचारत नाही तुझ्या मळीचं पुढे काय झालं. मळीपासून काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. ताईच्या बाबतीत मी निवाडा देऊ शकले नाही. सासूबाईंना मी एवढंच म्हटलं, की देशी दारूच्या गुत्त्यानं जी घरं मोडली ती वाइननं नाही मोडली, पण त्याचं कारण कदाचित एवढंच असेल की ती महाग आहे. त्या हं म्हणाल्या आणि गोधडीला टाके घालू लागल्या.

ताईनं काय केलं

माघ महिन्यात मी निफाडला गेले. हे म्हणाले, "बहिणीच्या घरात फार बोलू नकोस." मी बोलले. ओट्यावर वही ठेवून सगळा हिशेब ताईला वाचून दाखवला, दाजी दारात बसून ऐकत होते, भाचा उभा. कंटेनरचा हिशेब आला तेव्हा त्यानं मान खाली घातली. तो त्यानं केला नव्हता असं नाही, पण बाटलीमागे येणारी किंमत तो इंग्लंडच्या दुकानातली धरत होता, आपल्या दारातली नाही. शिकलेल्या माणसांचीही अशी चूक होते.

मग ताई बोलली. मला वाटलं होतं ती रडेल. ती म्हणाली, "कारखान्याला सही नाही. कर्जाला माझा एकर नाही. पण त्याच एकरात तू वाइनची द्राक्षं लाव. बाकीची थॉमसन राहू दे, घर त्यावर चालेल. द्राक्षं झाली की दुसऱ्याच्या कारखान्यात वाइन करून घे."

हे तिला कुठून सुचलं म्हणाल, तर माझ्याच वहीतून. नाशिकला असं चालतं. ज्यांच्याकडे टाक्या आहेत ते दुसऱ्याची द्राक्षं घेऊन त्यांच्या नावानं वाइन करून देतात. इंग्लंडमधल्या भारतीय हॉटेलांसाठी असा माल गेलेला आहे. यंत्रांत पैसा अडकत नाही. त्यात धोका एवढाच, की टाकी दुसऱ्याची असल्यामुळे आपली वाइन कशी झाली यावर आपला हात राहत नाही. भाच्याला ते कमीपणाचं वाटलं. थोडा वेळ तो बाहेर बांधावर जाऊन उभा राहिला आणि जेवायला आत आला.

ताईच्या अटी मी तिथेच लिहून काढल्या. घेणाऱ्याशी करार तोंडी नाही, लेखी, आणि त्यात भाव, ब्रिक्स, तोडणीची तारीख, पैसे कधी मिळणार आणि द्राक्षं घेतली नाहीत तर भरपाई काय हे सगळं. पहिल्या वर्षी इंग्लंडला कंटेनर नाही. नमुन्याच्या बाटल्या जातील, तिकडचा दुकानदार खरंच किती पेट्या घेतो ते लेखी सांगेल, आणि त्यानं निम्मे पैसे आधी पाठवल्याशिवाय एक पेटी हलणार नाही. दुकानदाराला आवडलं म्हणणं आणि दुकानदारानं मागणी देणं यांत फरक असतो, हे बचत गटाचे पापड विकलेल्या कुठल्याही बाईला विचारा. दाजींनी एकच वाक्य उच्चारलं. "वेल लावताना मला बोलाव, खड्डे मी आखीन."

चैत्रात रोपं लागली, शेनिन ब्लाँची. पीक यायला अजून दोन वर्षं आहेत. परवा भाच्याचा फोन आला होता. लेबलासाठी नाव ठरवतोय म्हणाला, सुलासारखं आईचं नाव द्यावं असं त्याच्या मनात आहे. मी फोन ताईकडे द्यायला सांगितलं आणि तिला विचारलं, चालेल का गं?

"माझं नाव? बाटलीवर?" ताई म्हणाली. मग थोडं थांबून, "गेलेल्या पाटल्या करून आण म्हणावं आधी. मग बघू."